सोबत

बारा दारं वाजवली तीन संध्याकाळी,
मुली मिळाल्या अकरा.

दत्तनगरच्या बोळात
मांडीवरचं विडीचं सूप खाली न ठेवता
अंबिकाच्या आईनं विचारलं, शिकवणार काय तिथं?
बोलायला, मी म्हटलं.
तिनं दोरा दातांनी तोडला.
"बोलती की ती. लई बोलती."
तहसीनच्या अब्बांनी वेळ विचारली,
माझा नंबर घेतला, पुन्हा वेळ विचारली.
सात, म्हटलं. सातच्या आत.
आणि शाळेच्या कागदावर सही केली:
जबाबदारी माझी.
कसली, ते लिहायला त्यात जागा नव्हती.

बाराव्या दारात नागमणीचा काका.
"गणिताच्या बाई ना तुम्ही?
मग गणितच शिकवा."
दार लावलं. हळूच लावलं,
तेच जास्त लागलं.

सात रस्त्याजवळचा हॉल, एक पंखा चालू, तीन बंद.
पुण्याहून आलेल्या ताईंनी सगळ्यांना गोल बसवलं.
मी मागच्या खुर्चीवर, डब्यांच्या पिशवीशेजारी.
तुम्हीही या ना, बाई.
नको, म्हटलं, मी फक्त सोबत आलेय.

मग सुताचा गुंडा आला,
नाव सांगायचं, धागा धरायचा, पुढं फेकायचा.
बघता बघता जाळं झालं.
आपण सगळ्या अशा जोडलेल्या आहोत, ताई म्हणाल्या,
आणि मग कात्री शोधू लागल्या, गुंता टाकून द्यायला.
अंबिका उठली.
गाठ न गाठ सोडवत, अंगठा आणि करंगळीवर
आठ आठ घेत पुन्हा गुंडा केला तिनं.
जेवायला बोलावलं तरी उठली नाही.
घरात चार पिढ्या मागावर बसलेल्या,
तिच्यासमोर सूत कोण फेकणार?

दुपारी ताई आयुक्त झाल्या.
गळ्यात ओढणीचा टाय, समोर टेबल,
"बोला, काय काम आहे? लवकर."
मुली एकमेकींच्या कोपराला ढोसत राहिल्या.
तहसीन गेली पुढं. कागद घडी घालून मुठीत, वाचलाच नाही.
"साहेब, पाणी पाच दिवसांनी येतं, ते ठीक.
पण रात्री दोनला येतं.
अम्मीची कंबर गेलीय, मीच भरते, चारपर्यंत.
सकाळी गणिताच्या तासाला झोप लागते,
मग बाई मला उभं करतात."

सगळ्या हसल्या.
तिनं मागं वळून पाहिलं नाही.
मला पाठमोरी तिची वेणी दिसत होती,
वर्षभर तीच तर बघत होते मी, भिंतीकडं तोंड केलेली.

निघताना बिल्ले मोजले.
एक उरला. नागमणी येमूल, जांभळ्या स्केचपेननं,
कुणी लिहिला होता कोण जाणे.
फाइलही एक जास्तीची. ती तहसीननं छातीशी धरली.

रिक्षा मिळेना. कन्ना चौकापर्यंत चालत आलो.
सव्वासात. माझा फोन वाजला, परत वाजला.
"अब्बा, उशीर झालाय. बाई आहेत सोबत," तहसीन म्हणाली,
माझ्याच फोनवर, मला न विचारता.
आणि मग मला विचारलं,
"बाई, आधी नागमणीकडं जाऊया?"

उशीर, मी म्हणणार होते.
सही, म्हणणार होते.
त्या वळल्यासुद्धा होत्या बोळात,
अकरा जणी, दिव्याच्या खांबाखालून,
खांब होता, दिवा नव्हता.

काकानं दार उघडलं.
अंबिका तेलुगूत बोलू लागली.
मला त्यातलं निम्मंही कळत नाही,
बारा वर्षं झाली या शाळेत.
एकदा "बाई" असं ऐकू आलं, एकदा "रविवार".
तिचा आवाज चढला नाही.
ओढणीच्या टोकात बांधलेला सुताचा गुंडा
ती बोलताना बोटांनी दाबत होती.

काकांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडं पाहिलं,
मी काहीतरी म्हणेन म्हणून.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.
फक्त सोबत आले होते.
आत नळाखाली कुणीतरी बादली सरकवली,
आणि दार
अजून उघडंच होतं.